एकांतवासी रहिवासी मंडळ

मला फक्त बसायचं होतं. एवढीच माझी मागणी होती आणि आजही मी ती कुणासमोरही मान वर करून सांगू शकतो. राजवाडा नको होता, जादूची तलवार नको होती, राक्षसाचं मुंडकं तर फुकट दिलं तरी नको होतं. रोज संध्याकाळी थोडा वेळ, कुणी काही विचारणार नाही अशा जागी जाऊन नुसतं बसायचं. एवढ्याशा गोष्टीपायी मी एका बेडकाच्या शोकसभेला हजर राहिलो आणि हजारो अनोळखी लोकांच्या चौकात चड्डीवर उभा राहिलो. माझ्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही, हे मला बायकोने सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलंच.

मी नगरपालिकेच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसतो. डोक्यावर ‘चौकशी’ अशी पाटी आहे आणि पाटीखाली मी. पाणीपट्टी कुठे भरायची, दाखला कधी मिळेल, साहेब जागेवर आहेत का, मुतारी कुठे आहे, हे सगळं लोक मला विचारतात. एकदा एका बाईंनी त्यांच्या मुलीला सांगून आलेला मुलगा कसा आहे, हे विचारलं होतं. चांगला आहे म्हणालो. मुलगा मी जन्मात पाहिलेला नाही, पण त्या खिडकीत बसून ‘माहीत नाही’ म्हणायला जीभच वळत नाही. लग्न झालं, सुखात आहेत असं ऐकतो.

घरी आलं की घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायची गॅलरी. माणसं चार: मी, ही, आई आणि मेव्हणा. मेव्हणा काही कामासाठी म्हणून आला होता. ते काम काय, हे अजून त्याने उघड केलेलं नाही. आई दिवसभर घरात असते, त्यामुळे मी दारात पाऊल टाकलं की तिचे साठलेले प्रश्न सुरू होतात. हिच्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. ही दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते, दिवसभर फोन घेते आणि घरी आल्यावर फारशी बोलत नाही. चष्मा कुठे आहे, टॉवेल कुठे आहे, माझी ती निळी पिशवी कुठे गेली, काहीही विचारा, हिला ठाऊक असतं. अशी बायको नशिबानेच मिळते.

मेव्हणा कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचा. जगभरातले हजारो लोक त्यात एकाच वेळी घुसतात, आपापली सोंगं घेतात आणि एकमेकांच्या उरावर बसतात. मेव्हणा ओरडायचा, “मागून ये, मागून ये!” सुरुवातीला आई प्रत्येक वेळी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. एके दिवशी मी चहा पीत त्याच्या पडद्याकडे बघत होतो. त्याचा योद्धा कुणाच्या तरी भीतीने पळत सुटला आणि पळता पळता एका तळ्याकाठी पोचला. तळं, काठावर एक मोठा सपाट खडक, गवत. बाकी शुकशुकाट.

“हे कुठलं रे?” मी विचारलं.

“हे काही नाही, भावोजी. पार उत्तरेचा कोपरा. इथे मारायला कुणी नाही आणि मिळायला काही नाही. त्यामुळे इकडे कुणी फिरकत नाही.”

“मला इथे जायचंय.”

“कशाला?”

“बसायला.”

मेव्हण्याने हेडफोन काढून माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी काळजी वाटली. पण मुलगा मनाने चांगला आहे. त्याने मला माझ्या फोनवर एक योद्धा उभा करून दिला. दाढी, दंड, चिलखत, झकास विजार, पाठीला ढाल. असा मी कॉलेजातसुद्धा नव्हतो. खेळ सुरू झाला तो राजधानीच्या चौकात. तिथे ही गर्दी. कोण घोडे विकतोय, कोण नाचतोय, कोण उगीचच माझ्याभोवती गोल गोल फिरतोय. तेवढ्यात एक शिंगवाला माझ्यासमोर थांबला आणि त्याने विचारलं, “विजार देता का?” आता वीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसासमोर कुणी काही मागितलं, तर त्याचा हात आपोआप पुढे होतो. मी ‘हो’ दाबलं. शिंगवाला माझी विजार घालून निघून गेला. ती परत मिळवायला जादूगाराच्या गुहेत जाऊन काहीतरी मारावं लागतं, असं मेव्हणा म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, तिकडे बघणारं कोण आहे?

मग मी चालत निघालो. चड्डीवर, पाठीला ढाल लावून. कचेरीतून आल्यावर रोज थोडं थोडं चालायचो, वाटेत लांडगे आले की मरायचो, परत चालायचो. शेवटी पोचलो. खडकावर चढलो. ‘बसा’ असं एक बटण होतं, ते दाबलं. माझा दाढीवाला मांडी घालून बसला. समोर तळ्यात ऊन उतरत होतं. डाव्या हाताला एक बेडूक होता. तो मधूनच फुगायचा आणि परत बारीक व्हायचा. त्याने मला काही विचारलं नाही. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते दिवस सुखाचे होते. गॅलरीत वाळत्या चादरीच्या आडोशाला खुर्ची टाकायची, फोन हातात धरायचा आणि खडकावर जाऊन बसायचं. मधूनच हिला हाक मारून चार्जर मागायचा, नाहीतर चहाचं विचारायचं, एवढाच काय तो व्यत्यय. बाकी शांत.

आणि एके संध्याकाळी तळ्यावर, ऐन सूर्यास्ताच्या आड, एक फलक उमटला. या प्रदेशात रहिवासी नसल्याने महिनाअखेर हा प्रदेश बंद करण्यात येत आहे. तरी येथील सर्वांनी राजधानीत स्थलांतर करावे.

येथील सर्व म्हणजे मी आणि बेडूक. मी ताबडतोब खेळाच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं: तुमच्या अडचणीबद्दल आम्हाला खेद वाटतो, तुम्ही ड्रॅगनच्या पोटात अडकला आहात का? मी लिहिलं, नाही. उत्तर आलं, मग तुमची अडचण सुटली आहे, धन्यवाद. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा ड्रॅगनचं विचारलं. शेवटी मी, “हो, अडकलोय,” असं कळवलं, तेव्हा कुठे एक जिवंत माणूस बोलायला आला. त्याला मी आधी पोटातून बाहेर आल्याचं सांगितलं, मग मूळ तक्रार सांगितली. तो म्हणाला, नियम साधा आहे, किमान वीस रहिवाशांचं नोंदणीकृत मंडळ दाखवा, प्रदेश राहील. मी म्हटलं, अहो, पण वीस माणसं आली तर मी तिथे जाऊ कशाला? तो म्हणाला, हा प्रश्न आमच्या विभागात येत नाही. हे वाक्य मी स्वतः खिडकीतून इतक्या वेळा फेकलं आहे, पण ते समोरून अंगावर आल्यावर इतकं लागतं याची मला कल्पना नव्हती.

मी डोकं चालवलं. बोलकी वीस माणसं कशाला, एकांताची भूक असलेली वीस माणसं गोळा करावीत. ती आपली गप्प बसतील, तळ्याच्या वेगवेगळ्या टोकांना तोंडं फिरवून बसतील. झालं. मी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवेदन टाकलं: ‘ज्यांना एकांताची आवड आहे, त्यांनी निम्नस्वाक्षरीकाराशी संपर्क साधावा.’

आमच्या इमारतीत एकांताची आवड नसलेला एकही माणूस नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी संपर्क साधला. प्रत्येकाला एकांत हवा होता आणि तो का हवा, हे प्रत्येकाला मला सविस्तर सांगायचं होतं. तळमजल्यावरचे विमावाले जिन्यात अडवून म्हणाले, “साहेब, माणसाला दिवसातून एकदा तरी स्वतःशी बोलता आलं पाहिजे,” आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलत राहिले. इमारतीचे अध्यक्ष तर जातीने घरी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही बोलताना वर्गाच्या शेवटच्या बाकाकडे बघतात.

“कल्पना चांगली आहे,” ते म्हणाले, “पण नुसती माणसं जमवून एकांत होत नसतो. त्याला घटना लागते, पदाधिकारी लागतात.”

“पण आपल्याला फक्त बसायचंय.”

“बसायलाही शिस्त लागते. अध्यक्ष मी होतो. तुम्ही चिटणीस.”

आईनेही नाव दिलं. मेव्हण्याने तिला हौसेने एक अगडबंब राक्षसीण करून दिली, हातात कुऱ्हाड. विसावा माणूस काही केल्या मिळेना, तेव्हा मी हिला गळ घातली. ही भांडी पुसत होती. तिने एकच विचारलं, “तिथे खरंच कुणी काही विचारत नाही?” मी म्हटलं, नियमच आहे तसा. “बरं,” म्हणाली. एक काटकुळी धनुर्धारी, अंगावर राखाडी झगा, डोक्यावर टोपडं, असं तिचं रूप होतं. नोंदणी झाली. एकांतवासी रहिवासी मंडळ. माझा प्रदेश वाचला आणि माझी संध्याकाळ गेली.

तळ्याला काठ भरपूर होता, पण प्रत्येकाला बसायचं होतं त्या खडकावर. का, तर चिटणीस तिथेच बसतात, म्हणजे जागा चांगली असणार. अध्यक्षांनी पाळ्या लावल्या. आपली पाळी येईपर्यंत सभासदांनी खडकाच्या पायथ्याशी रांगेत थांबावं असं ठरलं, आणि रांगेत माणसं काय करतात? विमावाल्यांनी तिथे धंदा उघडला. लढवय्यांच्या दुनियेत आयुष्याची शाश्वती नाही, हे ते इतक्या कळकळीने पटवायचे की लांबलांबचे शिपाई त्यांना भेटायला येऊ लागले. आई आल्यागेल्या प्रत्येक राक्षसाला अडवून, “तू कोणाचा रे? घरी कोण कोण असतं?” असं विचारायची. एक भलामोठा तीन डोक्यांचा इसम तिच्याजवळ बसून आपल्या नोकरीचं रडगाणं गायचा. शांतता राखण्यासाठी अध्यक्षांनी शांतता समिती नेमली. ती समिती काठाकाठाने “शांतता राखा” असं ओरडत फिरायची. मेव्हण्याने राजधानीच्या चौकात जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण जत्थेच्या जत्थे ‘इथे फार शांत असतं म्हणे’ असं म्हणत घोड्यांवरून यायला लागले, आणि त्यातल्या काहींनी मंडळात नावंही नोंदवली. घोडे कुठे लावायचे, यावरून दोन सभासदांचं वाजलं आणि त्यांनी खऱ्या जिन्यातही बोलणं सोडलं.

आणि या सगळ्यात विचारायचं कुणाला? चिटणिसांना. माझी पाळी कधी? घोडा कुठे बांधू? अध्यक्ष आले आहेत का? इथे मासे मिळतात का? मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. जीभ वळत नाही म्हटलं ना. इकडे घरात ही स्वयंपाकघरातून गॅलरीत येऊन फोन घेऊन बसायला लागली की मी खेळातच तिला निरोप पाठवायचो: माझा चष्मा पाहिलास का? धनुर्धारी मान न वळवता उत्तर द्यायची: डोक्यावर. सोय चांगली झाली होती.

त्यातच बेडकाचं झालं. आईला एका राक्षसाला नमस्कार करायचा होता, तिने चुकीचं बटण दाबलं आणि कुऱ्हाड खाली आली. बेडूक जागच्या जागी गेला. आई दोन दिवस नीट जेवली नाही. मलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्या अख्ख्या प्रदेशात सभासद नसूनही नियम पाळणारा तो एकटाच होता. अध्यक्षांनी शोकसभा बोलावली. सुरुवातीला सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं, आणि काय सांगू, तेवढा वेळ तळ्यावर पहिल्यासारखी शांतता पसरली. ऊन पाण्यावर आलं, कुणी हललं नाही. आणखी कुणी गेलं तर बरं, असा एक वाईट विचार माझ्या मनात येऊन गेला. मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि ‘बेडूक: व्यक्ती आणि कार्य’ या विषयावर बोलायला सुरुवात केली.

त्या दिवशी माझा संयम संपला. मी घटनेत एक कलम घालायला लावलं: जो सभासद वारंवार शांतताभंग करेल, त्याला मंडळाने बहुमताने हाकलून द्यावं. माझा डोळा अध्यक्षांवर होता, लपवत नाही. त्यांच्या भाषणांचा हिशेब निघाला की पहिला दणका त्यांनाच बसणार होता. अध्यक्षांनी कलम वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “उत्तम. लगेच अमलात आणू.” शांतता समितीला त्यांनी पाहणी करायला सांगितली आणि तळ्याकाठी खास सभा लावली.

सभेत समितीने अहवाल वाचला. प्रदेशातला सर्वांत जास्त बोलणारा रहिवासी: चिटणीस.

मी म्हटलं, अहो, लोक विचारतात म्हणून मी उत्तरं देतो. अध्यक्ष म्हणाले, पाहा, आत्ताही बोलले. मी म्हटलं, हा प्रदेश मी शोधला, हा खडक माझा. विमावाले म्हणाले, साहेब, इतकं चिडणं प्रकृतीला बरं नाही, त्यासाठी आमच्याकडे एक योजना आहे. मी आणखी बोललो. समितीने तेही मोजलं. शिवाय चिटणीस सभेला विजार न घालता येतात, हा मुद्दा कुणीतरी मागून काढला, आणि त्याचा विषयाशी काही संबंध नव्हता.

मतदान झालं. आईने माझ्या बाजूने कुऱ्हाड वर केली. आई ती आईच. मेव्हणाही माझ्याकडून राहिला. आणखी काही भल्या माणसांनी साथ दिली आणि दोन्ही बाजूंची मतं बरोबरीत येऊन थांबली. एकच मत बाकी होतं. राखाडी झग्यातली धनुर्धारी रांगेच्या टोकाला पाठ करून बसली होती. मी निश्चिंत झालो. तिने हळूच हात वर केला. माझ्या विरुद्ध.

पडदा काळा झाला आणि मी राजधानीच्या चौकात उभा होतो, चड्डीवर. आजूबाजूला तोच गोंधळ. एक पंखवाला जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, पाणवठा कुठे आहे?” मी म्हटलं, सरळ जा, डाव्या हाताला. तो गेल्यावर मी फोन बंद केला.

असा अपमान मी कचेरीतही सहन केला नव्हता. तरातरा आत गेलो. ही खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती, उशीला टेकवलेल्या फोनवर तो खडक, खडकावर धनुर्धारी एकटी. तिची पाळी होती.

“तू माझ्याविरुद्ध हात वर केलास?”

“हो.”

“मी तुला तिथे नेलं. मी. आणि तू मलाच बाहेर काढलंस?”

तिने फोन बाजूला ठेवला नाही. आवाजही चढवला नाही. “दवाखान्यात दिवसभर लोक विचारतात, डॉक्टर आहेत का, दुखेल का, किती वेळ लागेल. घरी आले की तुम्ही विचारता. मग तुम्ही सांगितलंत की अशी एक जागा आहे. मी गेले. तर तिथेही तुम्हीच. चष्मा कुठे, पिशवी कुठे.” तिने उशीला टेकवलेला फोन जरा सरळ केला. “मला तुमचा राग नाही हो. पण तुम्ही गेल्याशिवाय मला बसताच आलं नसतं.”

मला खूप बोलायचं होतं. आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत बसलो, तरी ही एक चौकशी मी कधी केली नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि लाज वाटली. तुला काय हवंय, एवढंच विचारायचं होतं. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. ती परत तळ्याकडे बघायला लागली होती. इतक्या वर्षांत तिचे खांदे असे सैल पडलेले मी पाहिले नव्हते.

“तुझी पाळी कधी संपते?” एवढंच विचारलं. राहवलं नाही.

“आत्ताच सुरू झालीय.”

मी खोलीचं दार ओढून घेतलं. आईला राक्षसिणीसकट गॅलरीत नेऊन बसवलं, मेव्हण्याला कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवलं आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. बरंच झालं, कारण तेवढ्यात वरच्या मजल्यावरून अध्यक्ष उतरत आले. सभा जिंकल्याचं तेज चेहऱ्यावर होतं. बेलच्या बटणाकडे त्यांचं बोट निघालं, तसा मी मध्ये आलो.

“वहिनी आहेत का? नव्या चिटणीस म्हणून त्यांचं नाव सुचवायचंय.”

“नाही,” मी म्हटलं. “घरात नाही.”

“आत्ता तर मंडळात होत्या.”

“माहीत नाही.”

हे शब्द माझ्या तोंडून इतके सहज निघाले की मीच चपापलो. अध्यक्षही चपापले. मग त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, पायरी फुंकली आणि खाली बसले. “असू द्या. मग तुमच्याशीच बोलतो. खरं तर बेडकाच्या स्मारकाचा विषय माझ्या मनात घोळतोय. तुम्हाला वेळ आहे ना?”

मी दाराला पाठ लावून त्यांच्या शेजारी बसलो. “आहे,” म्हटलं. “पण जरा हळू बोला.”